गॅलरीतली पंधरा मिनिटं

मन उदास असलेल्या माणसाला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘फार विचार करू नकोस’. दुसरा, ‘एखादा छंद लाव’. पहिला कुणाला जमत नाही, आणि दुसरा जमवायला माणूस बाजारात जातो. गिटार येते, जलरंगांची पेटी येते, कुठल्याशा ऑनलाइन वर्गाची वर्षभराची फी एकरकमी भरली जाते. खरेदीच्या दिवशी बरं वाटतं, कारण त्या दिवशी निदान काहीतरी घडलेलं असतं. महिनाभरात गिटार कपाटावर चढते, व्यायामाच्या सायकलीवर टॉवेल वाळत पडतात, आणि उदासीच्या जोडीला पैसे वाया घालवल्याची टोचणी घरात मुक्कामाला येते.

म्हणून छंद निवडताना पहिली अट पैशाची घालावी असं मला वाटतं. खिशाचा विचार त्यात आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. पाच हजारांची वस्तू आणून बसलेल्या माणसावर त्या पाच हजारांचं दडपण असतं. एक दिवस चुकला की तो स्वतःला बोल लावतो, चार दिवस चुकले की वस्तूकडे बघायचंच टाळतो. फुकटातल्या छंदाचं तसं नाही. तो आठवडाभर बंद पडला तरी आठव्या दिवशी कुणाला तोंड न लपवता पुन्हा सुरू करता येतो. मन खचलेलं असताना ही सवलत फार मोठी असते.

दुसरी अट, छंद रोजचा असावा. रविवारी ट्रेकला जाणं उत्तमच, पण मंगळवारी दुपारी मन बसलं तर रविवार लांब असतो.

या दोन अटींच्या मागं थोडं शास्त्रही आहे, ते आधी पाहू. 1973 मध्ये चार्ल्स फर्स्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं नैराश्याकडे बघण्याची दिशा जरा वळवली. खचलेला माणूस काय काय करायचं सोडून देतो, तिकडं लक्ष द्या, असं त्याचं म्हणणं. ओरेगन विद्यापीठात पीटर लेविन्सन यांनी त्याच दशकात हा धागा पुढं नेला. मन उतरलं की माणूस फिरायला जायचं टाळतो, फोन उचलत नाही, अर्धं वाचलेलं पुस्तक पालथं घालून ठेवतो. त्यामुळे दिवसभरात ज्या दोन-चार बऱ्या गोष्टी वाट्याला यायच्या त्याही येईनाशा होतात. मन आणखी उतरतं, माणूस आणखी आवरतं घेतो. हे चक्र मनाच्या बाजूनं तोडणं अवघड, कारण मन हुकूम पाळत नाही. हातपाय मात्र बऱ्यापैकी ऐकतात. लेविन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाला बरं वाटू शकेल अशा 320 साध्यासुध्या गोष्टींची एक प्रश्नावलीच बनवली. गेल्या महिन्याभरात यातलं तुम्ही किती वेळा केलंत आणि ते करून कसं वाटलं, असं ती विचारते. भरायला बसलं की आपण किती गोष्टी नकळत सोडून दिल्या आहेत ते समोर येतं.

‘ऊठ, तोंड धू, जरा बाहेर चक्कर मारून ये’ हा आजीचा सल्ला यापेक्षा फार वेगळा नाही. फरक इतकाच की हा सल्ला पुढं रीतसर तपासला गेला. 1996 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नील जेकबसन यांच्या गटानं नैराश्याच्या रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला विचार सुधारण्याची पूर्ण उपचारपद्धती दिली, दुसऱ्याला तिचा थोडा भाग, तर तिसऱ्याकडून फक्त कामं करून घेतली : दिवसाचं वेळापत्रक आखायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. 2016 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधली 440 प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात ही ‘आधी कृती’ पद्धत कमी प्रशिक्षण झालेल्या कर्मचाऱ्यांनी राबवली, आणि तरीही ती तज्ज्ञ मानसोपचारकांनी दिलेल्या उपचारापेक्षा कमी पडली नाही. खर्च मात्र कमी आला.

यातून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं की इच्छेची वाट बघत बसू नये. ‘मूड आला की करेन’ हे वाक्य उदास माणसाच्या तोंडी फार असतं आणि त्याचा मूड काही येत नाही. आधी करायचं, इच्छा मागून येते. कधीकधी ती येतही नाही, तरी पंधरा मिनिटं बरी गेलेली असतात.

आता प्रश्न उरतो कोणता छंद. विणकाम, शब्दकोडी, रांगोळी, बासरी, कुंडीतली मेथी, सगळे आपापल्या जागी चांगले. पण यातल्या बऱ्याच गोष्टींत कौशल्य लागतं, आणि कौशल्य आलं की परीक्षा आली. टाका सुटला, कोडं अडलं, मेथी पिवळी पडली की मन म्हणतं, ‘बघ, हेही जमलं नाही तुला’. शिवाय काही कामं अशी असतात की हात चालू राहतात आणि डोकं मोकळं सुटतं. डोकं मोकळं सुटलं की ते कुठं जातं हे सांगायला नको. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 2,250 लोकांना मोबाइलवरून दिवसात वेळीअवेळी गाठून विचारलं की आत्ता काय करताय, मन कुठं आहे आणि कसं वाटतंय. जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भरकटलेल्या मनाचे लोक कमी आनंदात होते. भरकटून ते चांगल्या विषयाकडे गेलं, तरी हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त खूष नव्हते.

तेव्हा छंद असा हवा की जो लक्ष बाहेर ओढून घेईल, जिथं नापास होण्याची सोय नसेल, आणि रोज काहीतरी वेगळं घडवण्याची जबाबदारी आपल्यावर नसेल. माझं मत पक्ष्यांना पडतं. जंगलातल्या, अभयारण्यातल्या पक्ष्यांना नाही. आपल्या गॅलरीतून, खिडकीतून, चाळीच्या कठड्यावरून, सोसायटीच्या गेटपाशी उभं राहून दिसतील त्या.

याला पुरावा आहे का? आहे, बेताचा. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी 2022 मध्ये 1,292 लोकांच्या मोबाइलवरच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून काही वेळा त्यांना विचारलं जाई : आत्ता पक्षी दिसतोय किंवा ऐकू येतोय का, आणि मन कसं आहे. पक्षी दिसल्या-ऐकल्याच्या वेळी लोकांचं मन अधिक बरं होतं, हा परिणाम काही तास टिकत होता आणि नैराश्याचं निदान झालेल्यांमध्येही तो दिसला. अर्थात पक्षी दिसले म्हणून मन सुधारलं, की मन बरं होतं म्हणून पक्ष्याकडं लक्ष गेलं, याचा निकाल अशा नोंदींतून पूर्णपणे लागत नाही. झाडंझुडपं आणि हवा यांचा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्न संशोधकांनी केला आहे, तरीही हा पुरावा बेताचाच धरावा. पंधरा मिनिटं आणि शून्य रुपये घालायला तेवढा पुरेसा आहे.

पैसे नसणं आणि वेळ असणं यातून काय निघू शकतं याचं एक उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. सलीम अली 1930 मध्ये जर्मनीहून परतले. बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली ते पक्षिशास्त्र शिकून आले होते. पण मुंबईत प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये त्यांची जी जागा होती ती पैशाअभावी रद्द झाली होती. वय चौतिशीत, हाताला नोकरी नाही. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला, त्यांच्या माहेरच्यांच्या घरी राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सलीम अलींनी शिडीवर आडोसा बांधला आणि पावसाळाभर त्यात बसून ते घरटी बघत राहिले.

त्यांनी काय पाहिलं ते आज शाळेच्या पुस्तकात असतं, म्हणून त्यातली गंमत आपल्याला जाणवत नाही. सुगरण म्हणून आपण जिचं कौतुक करतो त्या घरट्याचा कारागीर नर असतो. गवताचं पातं चोचीत धरून तो उडता उडता लांबच लांब धांदोटी सोलून काढतो, फांदीला आधी एक कडं विणतो, मग त्याला टोपीसारखा घुमट आणतो. आणि इथं काम थांबवतो. अर्धवट घरट्याला लटकून पंख फडफडवत तो माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, चोचीनं ओढून-खेचून बघते. पसंत पडलं तर नर पुढचं काम, प्रवेशाची नळी वगैरे, पुरं करतो. नाहीतर ती निघून जाते आणि घरटं तसंच लोंबत राहतं. एक मादी अंड्यांवर बसली की हा गृहस्थ शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. 1931 मध्ये हा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींचं नाव त्यानं पक्षिशास्त्रात पक्कं केलं. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ हे त्यांचं पुस्तक यायला अजून दहा वर्षं होती. किहीमच्या त्या पावसाळ्यात त्यांच्याजवळ शिडी, वही आणि रिकामा वेळ, एवढंच भांडवल होतं.

आपल्याला शिडीचीही गरज नाही. सुरुवात कशी करायची ते सांगतो.

वेळ सकाळची धरा, उजाडल्यापासून तासा-दोन तासांच्या आतली. पक्षी तेव्हा सर्वांत जास्त हालचाल करतात, हे एक. आणि सकाळचा उजेड आपल्यालाही हवा असतो, हे दुसरं. दिवे लावलेल्या खोलीत फार तर काहीशे लक्स उजेड असतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारोंच्या घरात जातो. शरीरातलं घड्याळ लावायचं काम हा उजेड करतो, आणि उदासीत झोपेचं वेळापत्रक आधी बिघडतं हे ज्याला अनुभव आहे त्याला ठाऊक असतं. चहाचा कप घेऊन बाहेर उभं राहायचं. मोबाइल आत. पंधरा मिनिटं.

पहिल्या दिवशी काय दिसेल? कावळे, कबुतरं, साळुंक्या. ‘यात काय बघायचं?’ असं वाटेल, आणि तिथंच खरी मजा सुरू होते. कावळा घ्या. मान राखाडी असेल तर तो गावकावळा, अंगभर काळाभोर आणि चोच जाडजूड असेल तर डोमकावळा. आयुष्यभर आपण दोघांनाही कावळाच म्हणत आलो असतो. हा भेद एकदा डोळ्यात बसला की पुन्हा पुसला जात नाही. मग साळुंक्यांत एक जरा बारकी, डोक्यावर काळी शेंडी असलेली दिसते. ती भांगपाडी मैना. बुलबुलांत कुणाच्या शेपटीखाली लाल ठिपका आहे आणि डोक्यावर टोकदार तुरा, गालावर लाल-पांढरा डाग. तो शिपाई बुलबुल. कुणाचा तुरा आखूड आणि डोकं काळं, तो लालबुड्या. आठवडाभरात ‘काही नाही दिसलं, तेच ते’ या वाक्याची जागा नावं घेऊ लागतात.

एखाद्या पक्ष्याजवळ जरा थांबून बघायला हवं, म्हणून तांबटाची गोष्ट सांगतो. फेब्रुवारी उलटला, ऊन चढायला लागलं की भर दुपारी ‘टुक्‌, टुक्‌, टुक्‌’ असा एका लयीतला आवाज शहरभर चालू असतो, तांब्याच्या पातेल्यावर कुणी छोट्या हातोडीनं ठोके घालत असल्यासारखा. आवाज सगळ्यांनी ऐकलेला असतो, पक्षी फार थोड्यांनी पाहिलेला. कारण तो चिमणीपेक्षा थोडाच मोठा, पानाच्या रंगाचा हिरवा, आणि झाडाच्या शेंड्यावर वाळक्या फांदीच्या टोकाशी बसलेला असतो. शोधायची युक्ती म्हणजे हिरव्या पानांत न बघता निष्पर्ण टोकं एकेक करून बघायची. सापडला की कपाळावरचा आणि छातीवरचा लाल रंग, पिवळा गळा आणि डोळ्याभोवतीची पिवळी चौकट दिसते. आता चोचीकडे बघा. आवाज येतोय, चोच मात्र मिटलेली! प्रत्येक ‘टुक्‌’बरोबर गळ्याची त्वचा फुगते आणि तो मान इकडून तिकडे फिरवतो, म्हणून आवाज कधी जवळून तर कधी लांबून आल्यासारखा वाटतो. हाच पक्षी मऊ पडलेल्या फांदीत चोचीनं टोकरून घरट्याचं गोल भोक पाडतो. नर-मादी आळीपाळीनं टोकरत असतात आणि खाली भुसा पडत असतो. सोसायटीत ‘वाळकी फांदी आहे, धोका आहे, काढून टाका’ अशी चर्चा निघेल तेव्हा आधी त्या भोकाकडे नजर टाकावी. सगळ्याच वाळक्या फांद्या धोकादायक नसतात.

वही हवी. दहा रुपयांची चालते, जुन्या डायरीची कोरी पानं तर उत्तम. नोंद लांबलचक नको. तारीख, वेळ, हवा, आणि दिसलं ते. ‘सकाळी 7.10. ढगाळ. कावळे 6, साळुंकी 4, शिंजीर जोडी जास्वंदीवर, एक अनोळखी : साळुंकीएवढा, पिवळाधमक, डोळ्यापाशी काळा पट्टा, लगेच उडाला.’ (तो हळद्या असणार.) स्वतःच्या मनाविषयी काही लिहायचं नाही, ही माझी सूचना. आज मन कसं आहे हे रोज मोजत बसणाऱ्या माणसाचं मन त्या मोजण्यानंच जड होऊ शकतं. पक्षी लिहा. त्यांचं बरंवाईट आपल्याशी बांधलेलं नसतं, आणि त्या पंधरा मिनिटांपुरतं आपलंही आपल्याशी बांधलेलं राहत नाही.

दोन-तीन महिन्यांची वही साठली की तिच्यातून ऋतू डोकावायला लागतात. माघ-फाल्गुनात पांगारा आणि काटेसावर पानं गाळून फुलतात. त्या लाल फुलांवर अख्खा मोहल्ला लोटतो. मैना, कावळे, बुलबुल, कोतवाल, आणि गुलाबी-काळ्या भोरड्यांचे थवे. भोरड्या मध्य आशियाच्या बाजूनं येतात, हिवाळा आपल्याकडे काढतात आणि एप्रिलपर्यंत परततात. कोकीळ चैत्राच्या आधीच सुरू होतो, पहाटे उजाडायच्या आत. झोप न येणाऱ्यांना तो हमखास ठाऊक. काळा नर ओरडतो तेव्हा ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून असते. मेच्या शेवटी ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा, आणि जूनच्या सुमारास पावसाबरोबर येणारा चातक. तो जरा गावाबाहेर, माळाकडच्या बाजूला. पावसाळ्यात सुगरणींची लगबग. गणपती-नवरात्राच्या आगेमागे शेपूट वरखाली हलवत ओल्या जमिनीवर धावणारा करडा धोबी दिसला की थंडीचे पाहुणे यायला लागले असं समजावं. वड-पिंपळ-उंबराला फळं धरली की हरियल येतात. पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर, आपला राज्यपक्षी. तो पानांत इतका बेमालूम बसतो की पंचवीस-तीस जणांचा थवा डोक्यावर असूनही खाली बसस्टॉपवरच्या रांगेला पत्ता नसतो.

उदासीत दिवस सपाट होतात. सोमवार आणि गुरुवार यात फरक राहत नाही. वहीत मात्र फरक राहतो. शिंजीराचा नर उन्हाळ्यात जांभळा-काळा चमकत असतो आणि विणीचा काळ सरला की मादीसारखा फिका पिवळा होऊन छातीवर फक्त एक गडद पट्टा ठेवतो. हे एकदा स्वतःच्या अक्षरात, वेगवेगळ्या तारखांना लिहिलेलं सापडलं की काळ सरकतोय हे पटतं. ‘हेही दिवस जातील’ असं कुणी तोंडानं सांगितलं की चीड येते. वही काही सांगत नाही.

सवयीबद्दल एक गैरसमज काढून टाकू. ‘21 दिवस केलं की सवय लागते’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्‌झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून फिरत फिरत आला, आणि तिथं तो सवयीबद्दल नव्हताच. बदललेला चेहरा अंगवळणी पडायला निदान 21 दिवस लागतात असं ते निरीक्षण होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांवर प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा सवय पक्की व्हायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तो तुमचा दोष धरू नका. नवी गोष्ट जुन्या सवयीला बांधली की सोपी जाते. इथं ती चहाला बांधलेली आहेच.

खर्चाचं बोलू, कारण खर्च मागच्या दारानं शिरतो. पहिल्या दोन-चार महिन्यांत दुर्बीण घेऊ नये. डोळ्यांना आणि कानांना आधी सराव हवा. पुढं घ्यावीशी वाटलीच तर 8×42 लिहिलेली बघा. आठपट मोठं दाखवणारी आणि 42 मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची. हातात स्थिर राहते आणि पहाटेच्या अंधूक उजेडातही दिसतं. जास्त पटीची घेतली की हाताची थरथरही तितक्याच पटीत दिसते. कुणाकडे जुनी पडून असेल तर मागून आणा. ओळख पटवायला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र संस्थेचं ‘मर्लिन’ हे ॲप फुकट आहे, ते आवाजावरूनही अंदाज देतं. पण आधी स्वतः तर्क करावा आणि मग पडताळावा. उत्तर आधी वाचलं तर कोड्याची मजा गेली. मराठीत मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ जवळच्या ग्रंथालयात विचारून बघा. त्यांच्या 5 नोव्हेंबरच्या जयंतीपासून सलीम अलींच्या 12 नोव्हेंबरच्या जयंतीपर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात ठिकठिकाणी फुकट भटकंत्या निघतात. एकट्यानं सुरू झालेला छंद चार माणसांत नेण्याची ती चांगली संधी.

कॅमेऱ्यापासून मात्र सांभाळून राहा. लांब पल्ल्याच्या लेन्सची किंमत लाखाच्या वर जाते, आणि लेन्स आली की पक्षी ‘मिळाला’ किंवा ‘सुटला’ अशी भाषा सुरू होते. मग परीक्षा परत आली, आणि तिच्यापासून तर आपण पळत होतो. ज्यांना फोटोतच आनंद आहे त्यांनी जरूर काढावेत. उदासी घालवायला बाहेर पडलेल्याला तो रस्ता मी सुचवणार नाही.

दाण्यापेक्षा पाणी ठेवणं बरं. उथळ मातीचं परळ, दोन बोटं पाणी, कडेला एखादा दगड बसायला. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डासांची पैदास. धान्य टाकलं की कबुतरं जमतात आणि बाकीचे मागं हटतात. कबुतरांच्या विष्ठेनं आणि पिसांच्या धुळीनं काही जणांच्या फुफ्फुसांना गंभीर आजार होतो, हे आता डॉक्टर वारंवार सांगतात. शेजाऱ्यांच्या एसीवरची घाण हा तर सोसायटीच्या सभेतला कायमचा विषय.

ज्यांना अंथरुणावरून उठता येत नाही किंवा नीट दिसत नाही, त्यांनाही हा छंद बंद नाही. खिडकी उघडी ठेवली की कान पुरतात. दयाळाची शीळ रोज थोडी वेगळी असते. शिंप्याचा अंगाच्या मानानं कितीतरी मोठा ‘टुविट टुविट’, भारद्वाजाचा खोल ‘कूप कूप’, घारीची लांबवलेली थरथरती हाक. डोळे मिटून पंधरा मिनिटांत किती वेगळे आवाज, एवढंच मोजायचं. घरातल्या कुणाला त्यांच्या शेजारी बसून नोंद करायला लावली तर दोघांना बोलायला विषय मिळतो, आणि तो औषधांचा नसतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. छंद हा उपचार नाही. दोन-तीन आठवडे सलग मन उचलतच नसेल, झोप-भूक गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर पक्ष्यांची वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक कुठूनही फुकट लागतो, चोवीस तास, आणि मराठीतूनही बोलता येतं. उपचार चालू असतानाही गॅलरीतली पंधरा मिनिटं चालू ठेवता येतात. दोन्हींचं आपसात भांडण नाही.

आपल्या वहीचा दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा असं वाटलं तर तीही सोय आहे. ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर जगभरातले लोक 2002 पासून आपल्या नोंदी फुकट भरतात आणि शास्त्रज्ञ त्या वापरतात. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची गणना होते. 1998 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या या गणनेत भारत 2013 पासून भाग घेतो. अट एवढीच की एका जागी निदान पंधरा मिनिटं पक्षी बघायचे आणि दिसले ते सगळे लिहायचे. दुर्मीळ पक्षी नसला तरी चालतं. सहा कावळे आणि चार साळुंक्या हीही पूर्ण यादी असते. नवख्याला प्रश्न पडतो तो मोजण्याचा. तारेवर तीन साळुंक्या होत्या, उडाल्या, पाच मिनिटांनी दोन आल्या. आता पाच लिहायच्या की तीन? त्याच परत आल्या असाव्यात असं वाटत असेल तर एका वेळी जास्तीत जास्त जेवढ्या दिसल्या तेवढ्या लिहायच्या. म्हणजे तीन. घारी आकाशात गोल गोल फिरत असतील तर हाच नियम लावायचा. आणि भोरड्यांचा थवा वळणं घेत डोक्यावरून गेला तर दहा-दहाचे गठ्ठे डोळ्यांनी मोजायचे, जवळचा आकडा टाकायचा आणि चहा निवायच्या आत पुढच्या पक्ष्याकडे वळायचं.